हरवलेलं ऑटोकॉन्फ

आमच्या घरात एक नियम होता. कागद कुठलाही असो, डोक्यावर आधी श्री, मग बाकीचं. किराण्याची यादी असो, मामाला पत्र असो, की डॉक्टरला दाखवायची आईच्या दुखण्यांची यादी असो. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, का? अण्णा म्हणाले, "का असं इचारायचं न्हाई." संपला विषय. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. पिंपळवंडीच्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढचं ऐकताना मला माझ्या बाजूने कोणीतरी लागणार आहे, आणि हसणारा माणूस कोणाची बाजू घेत नाही, हा माझा अनुभव आहे.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट करायचा होता. वर्गातल्या कोणी लायब्ररीचा प्रोग्रॅम घेतला, कोणी दवाखान्याचा. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी सरांना सांगितलं की मी ऑपरेटिंग सिस्टिमच बांधणार. शून्यापासून. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बांध.

घाबरू नका, समजायला अवघड नाही. कॉम्प्युटर सुरू केल्यावर जो मूळ प्रोग्रॅम बाकी सगळ्यांना कामाला लावतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम. ती लिनक्सची असेल तर तिचे सगळे तुकडे मूळ लिहिलेल्या रूपात इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांना सोर्स पॅकेज म्हणतात. कुठले तुकडे आणायचे आणि कुठल्या क्रमाने जोडायचे याचं एक पुस्तकही इंटरनेटवर होतं. माझ्या यादीत अठ्ठावन्न पॅकेजं होती. अठ्ठावन्न आणायची, एकेक बांधायचं, आणि शेवटी तुमची स्वतःची सिस्टिम उभी. पुरणपोळीच म्हणा ना. फक्त डाळ अमेरिकेत, गूळ जर्मनीत, आणि कणीक कुठल्या तरी विद्यापीठाच्या कपाटात.

आता यात माझं काय अडकलं होतं ते सांगते. मला पुण्याला एम.सी.ए.ला जायचं होतं. अण्णांचं म्हणणं, बी.एड. कर, जवळच्या शाळेत लाग, अंधार पडायच्या आत घरी. महिनाभर वाद चालला. शेवटी अण्णांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "परीक्षेच्या सोमवारी त्या बाहेरच्या सरांपुढं तुझं यंत्र सुरू झालं, तर जा पुन्याला. न्हाई झालं, तर बी.एड.चा फारम भरायचा. आन मग परत त्वांड उघडायचं न्हाई."

मी तोंड उघडून "ठीक आहे" म्हटलं.

घरी कॉम्प्युटर नव्हता. आळेफाट्याला मोहनशेठचं खत-बियाण्याचं दुकान होतं, तिथे होता. मोहनशेठचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठचं मराठी आमच्यापेक्षा पक्कं. मुंबईचे बाजारभाव बघायला त्यांनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेतलं, आणि दोन्ही कसं चालवायचं ते दुकानात कोणालाच येईना. मग मी त्यांची पत्रं टाइप करून द्यायची, आणि त्या बदल्यात मागच्या खोलीत माझा प्रोजेक्ट करायचा, असं ठरलं. अट एकच. दुकानाच्या यंत्रावर दुकानाची रीत. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत श्री.

मला वाटलं होतं, घरातून सुटले. कुठलं सुटतेय? अण्णा आणि शेठ एका बाकावरचे शाळासोबती. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं, तेव्हा अण्णा रोज तिथेच. दोघं युरियाच्या गोण्यांवर टेकून माझ्या पाठीमागे बसायचे आणि स्क्रीनकडे बघत राहायचे. काही कळत नसताना माणूस इतका वेळ एका जागी कसा बघू शकतो, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या यंत्रावर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत shri लिहायची. इंटरनेट म्हणजे दुकानाचाच फोन. फोन नेटला लावला की दुकानाचा फोन बंद, म्हणून ही दुपारची वेळ. लाइन दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटायची. साध्या रीतीने फाइल उतरवायला घेतली तर लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला दिलेली हुकमांची चिठ्ठी. यादीतला एकेक पत्ता वाच, तिथे जा, फाइल आण, लाइन तुटली तर जिथे थांबलास तिथून पुढे चालू कर.

पहिल्याच चाचणीत यंत्र जगभर shri नावाचं ठिकाण शोधत बसलं. मिनिटभर शोधलं आणि सापडत नाही म्हणून कुरकुरलं. मग मी स्क्रिप्टमध्ये एक हुकूम वाढवला. यादीची पहिली ओळ वाचायचीच नाही, सोडून द्यायची. कुरकुर बंद झाली. अण्णांचं श्रीही राहिलं आणि माझं कामही. किती समंजस मुलगी, असं माझं मलाच वाटलं.

हा समंजसपणा चार दिवस टिकला.

परीक्षेला अकरा दिवस उरले होते. मी अठ्ठावन्न पत्त्यांची पूर्ण यादी टाइप करत होते. पत्ते हातभर लांब, एक टिंब चुकलं तर सगळं वाया. मागून अण्णा म्हणाले, "श्री घातलं का?"

घातलंय, मी म्हटलं. पण हे यंत्र ते वाचत नाही, मग घालायचं कशाला, ते तरी सांगा.

"का असं इचारायचं न्हाई."

शेठ म्हणाले, "बाई, का विचारता येत असेल तर तो नियम कसला? त्याला सल्ला म्हणतात."

मला असा संताप आला म्हणून सांगू. वीस वर्षं साठलेला. कर्सर पहिल्या ओळीवर नेला आणि shri पुसून टाकलं. दोघांच्या डोळ्यांदेखत. त्यांना काही कळलं नाही, ते चहा पीत राहिले. माझ्या आयुष्यातली ही पहिली क्रांती. अर्धा सेकंद लागला. त्यांचा चहा संपेपर्यंत मी ती विसरूनही गेले.

पुढच्या तीन दुपारी फाइली उतरल्या. स्क्रिप्ट म्हणाली, काम पूर्ण. मी मोजलं. सत्तावन्न. पुन्हा मोजलं. सत्तावन्नच. यादीशी ताडून बघितलं तर ऑटोकॉन्फ नावाचं पॅकेज नव्हतं. यादी इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावलेली, त्यातलं हे सगळ्यात पहिलं.

पहिलं. हा शब्द मी मनात उच्चारला, आणि पुढे गेले. माझ्यासारखी हुशार मुलगी शोधून सापडायची नाही.

मी म्हटलं, त्या सर्व्हरवरून काढलं असेल. असं होतंच. नवीन आवृत्ती आली की जुनी काढून टाकतात. मी यादीत त्याच जागी दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता घातला आणि स्क्रिप्ट चालवली. काम पूर्ण. ऑटोकॉन्फ नाही. तिसरा पत्ता. काम पूर्ण. नाही. जपानचा घातला, जर्मनीचा घातला, ब्राझीलमध्ये कुठे एक होता तो घातला. प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात काम पूर्ण आणि हातात काही नाही. बाकीची पॅकेजं पुस्तकातल्या क्रमाने बांधायला घेतली होती, वीसेक बांधूनही झाली, आणि गाडी बरोबर ऑटोकॉन्फपाशी येऊन उभी राहिली. सरांना फोन करून विचारलं, नवीन आवृत्ती घालू का? सर म्हणाले, यादीत आवृत्तीचा जो आकडा आहे तोच, नाही तर पुढचं काही जुळणार नाही.

मला जेवण जाईना. आई म्हणाली पित्त झालं असेल. मला डोळ्यांसमोर बी.एड.चा फॉर्म दिसत होता. गुलाबी रंगाचा. तो गुलाबी असतो की नाही ते मला माहीतही नव्हतं.

मग मी पुण्याला सुनीताला फोन केला. सुनीता माझी मैत्रीण, तिथल्या कॉलेजात होती, तिथे नेट वेगवान. बिचारीने लेक्चर बुडवून अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पॅकेजं सीडीवर घातली आणि शिवाजीनगरच्या स्टँडवर नाशिक गाडीच्या कंडक्टरकडे दिली. आमच्याकडे औषध, चष्मे, लग्नाच्या पत्रिका, सगळं असंच येतं. मी गुरुवारी अकरापासून आळेफाट्याच्या स्टँडवर उभी. नाशिक गाडी आली की धावत जायचं आणि कंडक्टरला विचारायचं. पहिला नाही म्हणाला. दुसरा म्हणाला, ताई, माझ्याकडे एक कोंबडा आहे, तो तुमचा का? तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरने पिशवीतून पाकीट काढलं तेव्हा मला रडूच आलं. तो बिचारा घाबरला, म्हणाला, ताई, सही नको, काही नको, घेऊन जा.

धावत दुकानात. सीडी आत घातली. सीडीवरून यादीप्रमाणे एकेक नाव उचलायला मी दुसरी स्क्रिप्ट लिहिली होती. दुसरी कसली, पहिलीचीच सख्खी बहीण. चालवली. काम पूर्ण. मोजलं.

सत्तावन्न.

मी सुनीताला फोन लावला आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, अगं मी स्वतः बघून घातलंय, सीडी उघड आणि डोळ्यांनी बघ. तुम्हीही आत्ता हेच म्हणत असाल. पण मी काय म्हणावं? मी म्हटलं, "डोळे चुकतात. यंत्र खोटं बोलत नाही."

ऐकलंत? घरातल्या प्रत्येक नियमाला का विचारणारी मी. स्वतःच्या स्क्रिप्टला मात्र का असं विचारायचं नाही.

सुनीताने फोन ठेवला. राग अजून उरला होता, म्हणून ते पुस्तक ज्या परदेशातल्या लोकांनी लिहिलं होतं त्यांना मी ईमेल लिहिला. डिक्शनरी मांडीवर घेऊन. तुम्ही यादी देता आणि पॅकेज पळवून ठेवता, खेड्यातल्या गरीब मुलीच्या आयुष्याशी खेळता, तुम्हाला बहिणी नाहीत का, वगैरे. पाठवून दिला. वर वाचून अण्णांना आणि शेठना त्याचा अर्थही सांगितला. दोघंही खूश झाले. आठ दिवसांत पहिल्यांदा मी काय करतेय ते त्यांना कळलं होतं.

इथवर घोळ माझा एकटीचा होता. पण अण्णांना तो ईमेल फार लागला. शुक्रवारी सकाळी मला न सांगता ते धुतलेली टोपी घालून पहिल्या गाडीने कॉलेजात गेले. सरांच्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी सांगितलं, परदेशातल्या लोकांनी फाइल काढून घेतली, पोरीची काही एक चूक नाही, हा माझा शब्द आहे. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, आणि सोमवारी माझा नंबर सगळ्यात शेवटी ठेवायचं कबूल केलं. अण्णा घरी आले ते लढाई जिंकल्यासारखे. मला खरंच भरून आलं. जन्मात पहिल्यांदा ते माझ्यासाठी कोणाशी तरी भांडले होते.

शनिवारी दुपारी परदेशातून उत्तर आलं. इतकं सभ्य की वाचताना लाज वाटावी. फाइल जागेवर आहे, आम्ही आत्ताच तपासली. तुला त्रास झाला याचं वाईट वाटतं. तुझी यादी आणि स्क्रिप्ट जशीच्या तशी पाठव, मिळून बघू.

पाठवायला म्हणून मी यादी उघडली. मागून अण्णा पुढे वाकले. इतक्या दिवसांत त्या स्क्रीनवरचं एक अक्षर त्यांनी वाचलं नव्हतं. पण कागदाचं डोकं रिकामं असलं तर ते त्यांना मैलावरून दिसतं.

"ज्योते, यात श्री कुठाय?"

मी काढलं, मी म्हटलं. तावातच म्हटलं. मागच्याच आठवड्यात काढलं, मला नाही पटत, काय बिघडलं त्याने? पहिल्या ओळीत श्री नाही म्हणून...

आणि वाक्य तिथेच राहिलं.

पहिल्या ओळीत श्री नाही. मग पहिल्या ओळीत काय आहे? ऑटोकॉन्फ. आणि पहिली ओळ वाचायचीच नाही, असं त्या यंत्राला कोणी सांगून ठेवलंय?

जपान, जर्मनी, ब्राझील. यंत्र कुठेच गेलं नव्हतं. त्याने तो पत्ता वाचलाच नव्हता. ते माझा शब्द पाळत होतं, आणि मी आठ दिवस एका ओळीला वळसा घालून अख्ख्या पृथ्वीला शिव्या देत फिरत होते. मी सीडी उघडली. डोळ्यांनी बघितलं. पहिलंच नाव. ऑटोकॉन्फ. गुरुवारपासून तिथेच बसलेलं.

माझा चेहरा बघून शेठ म्हणाले, पाणी आणू का? मग सांगावंच लागलं. कसं सांगितलं ते विचारू नका. शेठना सगळं लगेच कळलं, अण्णांना दोनदा सांगावं लागलं. पहिल्या वेळीच त्यांना कळलं होतं असा माझा संशय आहे.

"म्हंजी श्री पुसलं म्हनून झालं," अण्णा म्हणाले.

नाही हो, मी म्हटलं, स्क्रिप्ट चुकीची होती म्हणून झालं.

"तेच म्हनतोय मी. श्री पुसलं म्हनून."

शेठ मान हलवत राहिले. त्या दिवशी आळेफाट्याला दुकानात जो येईल त्याला ही गोष्ट सांगितली गेली. संध्याकाळपर्यंत एका शेतकऱ्याने येऊन मला विचारलं की त्याची मोटर सुरू होत नाही, तर स्टार्टरवर श्री लिहू का.

उरलेली पॅकेजं बांधायला दीड दिवस लागला. लाइट गेली की शेठच्या इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर ओरडायला लागला की यंत्र बंद करून लाइटची वाट बघायची. रविवारी दिवस कलताना मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावल्या. थांबल्या. मग एक शब्द उमटला, लॉगिन. मी माझं नाव टाइप केलं. तिने मला आत घेतलं. माझी सिस्टिम, शून्यापासून.

अण्णा बराच वेळ बघत होते. "येवढंच? येवढ्यासाठी आठ दिस फोन अडवला व्हता?"

पण खूश होते, मला कळत होतं. शेठने चहा मागवला. अण्णा म्हणाले, झालं, उद्या दाखव आणि पुण्याची तयारी कर. मग जरा खाली आवाजात म्हणाले की सरांनी विचारलं, उशीर का झाला, तर आपलं ठरलेलं सांगायचं. परदेशातल्या लोकांनी फाइल काढली होती, मग परत दिली.

"आवं, पण तसं झालेलं नाही ना," मी म्हटलं. घाईत मीही त्यांच्यासारखी बोलले.

शेठ म्हणाले, कुठे पडलो ते गावभर दाखवत हिंडू नये, बाई. आता हे म्हणणारे कोण, तर शनिवारपासून फाट्यावर दवंडी पिटणारे शेठ.

"घरातलं घरात," अण्णा म्हणाले. "म्या शबुद दिलाय त्या सरांना. माझा शबुद खोटा पाडणार का तू? का, कसं, काय बी इचारायचं न्हाई. सांगतो तसं बोलायचं. मग पुनं."

मी खुर्ची फिरवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे तोंड करून बसले. पुणं आता हाताच्या अंतरावर होतं, आणि ते अंतर अण्णांच्या हातात होतं.

"नाही, अण्णा. मी तसं सांगणार नाही. फाइल कोणी पळवली नव्हती. मीच यंत्राला सांगितलं होतं, ही ओळ वाचू नको, आणि मीच ते विसरले. उद्या सरांपुढे मी हेच सांगणार. तुमच्या शब्दाबद्दल माफी मागेन, तीही सगळ्यांपुढे. मग पुण्याला पाठवा, नाही तर नका पाठवू. त्या यंत्रातली अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पॅकेजं दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं स्वतःचं काय आहे? तर हा एक गाढवपणा. तोही परदेशातल्या लोकांच्या नावावर करून टाकू?"

शेठची बशी तोंडापाशी जाता जाता थांबली. अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, झटकली, पुन्हा घातली.